न्यूजग्रुपवरचे लेख उतरवून घेताना

(आपल्या मंचाच्या प्लेनो येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना सुटलेले एक-दोन मुद्दे इथे भरून काढले आहेत.)



बैठकीच्या निमंत्रणात माझा विषय "संगणकावरचा एक जुना प्रोग्रॅम" असा छापला होता. त्यामुळे काही जण कंटाळा येईल म्हणून आले नसतील, आणि जे आलेत त्यांतले निम्मे तरी काहीतरी तांत्रिक ऐकायला मिळेल म्हणून आले असतील. तांत्रिक भाग मी सांगणार आहेच. पण मला खरं बोलायचं आहे ते मी स्वतः १९९४ साली लिहिलेल्या एका लेखाबद्दल. त्या लेखाची मला लाज वाटते. तो पुसून टाकायची संधी मिळाली होती, आणि मी तो पुसला नाही. का पुसला नाही, हे सांगायला त्या प्रोग्रॅमची गोष्ट लागते. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी १९९२ साली टेक्सासमध्ये एम.एस. करायला आलो. घरी फोन करणं परवडत नव्हतं, पत्राला दोन आठवडे लागत. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रात्री काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दिसणारी यंत्रं मोकळी असत. त्यावर "आरएन" नावाचा प्रोग्रॅम होता. लॅरी वॉल यांनी तो १९८४ साली लिहिला, पुढे पर्ल ही संगणकभाषा करणारे तेच. आरएन म्हणजे "बातम्या वाचा". त्यातून युजनेट नावाच्या जगात जाता येई. ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

युजनेटची कल्पना १९७९ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना सुचली. शेजारच्या चॅपेल हिलचे स्टीव्ह बेलोव्हिन त्यांना मिळाले. कल्पना साधी होती. समजा महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात एक वाचनालय आहे आणि त्यात वाचकांनी लिहिलेल्या पत्रांची एक फाइल आहे. तुम्ही तुमच्या गावच्या फाइलमध्ये पत्र लावता. रात्री तुमचं वाचनालय शेजारच्या वाचनालयाला विचारतं, "हे पत्र आहे का तुझ्याकडे?" नसेल तर त्याची एक प्रत देतं. ते पुढच्याला देतं. एक-दोन दिवसांत तुमचं पत्र सगळ्या वाचनालयांत लागलेलं असतं. कुठेही मुख्य कचेरी नाही, मालक नाही, मूळ प्रत नाही. आहेत त्या सगळ्या प्रतीच.

या फायली विषयवार लावलेल्या असत, त्यांना न्यूजग्रुप म्हणत. आपल्या लोकांचा मोठा अड्डा होता सॉक.कल्चर.इंडियन. पुढे मराठीचा स्वतंत्र ग्रुपही झाला, सॉक.कल्चर.इंडियन.मराठी. आल्ट.इंडिया.प्रोग्रेसिव्ह नावाचाही एक ग्रुप होता, हे आपल्या मंचाच्या मंडळींना ऐकायला आवडेल. तिथे सगळं काही चाले. पुण्यात कोणत्या हॉटेलातली मिसळ चांगली, ग्रीन कार्डाला किती वर्षं लागतील, जुन्या गाण्याची दुसरी ओळ काय. आणि ६ डिसेंबर १९९२ नंतर तर नुसता वणवा पेटला होता. अयोध्येत जे घडलं त्याचं समर्थन आणि धिक्कार दोन्ही रात्रभर चाले, आणि ते करणारे सगळे इथल्या विद्यापीठांत शिकणारे पंचविशीतले मुलगे. (मुली फार थोड्या होत्या.) अमित राय यांनी १९९५ साली "डायस्पोरा" या नियतकालिकात यावर निबंध लिहिला. परदेशातल्या हिंदूंची "हिंदू" म्हणून ओळख या चर्चांतून कशी घडवली जात होती, असा त्याचा विषय. आज जे भारतात आणि इथे मोठ्या आवाजात ऐकू येतं, त्याची बरीचशी तालीम तेव्हा त्या हिरव्या अक्षरांत होऊन गेली होती.

आता माझा लेख.

१४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं झालं. नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला होता २७ जुलै १९७८ रोजी. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, आणि ठरावाची अंमलबजावणी साडेपंधरा वर्षं लांबली. शेवटी नामांतराऐवजी नामविस्तार झाला, म्हणजे "मराठवाडा" तसंच ठेवून आधी बाबासाहेबांचं नाव जोडलं. ही बातमी सॉक.कल्चर.इंडियनवर आली. मी पुण्यातल्या सुखवस्तू ब्राह्मण घरातला. माझ्या घरी जातीबद्दल कोणी वाईट बोलत नसे, कारण जातीबद्दल कोणी बोलतच नसे. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. मी इंग्रजीत तीन परिच्छेद लिहिले. पाटीवरचं नाव बदलून शिक्षणाचा दर्जा सुधारत नाही, हा पहिला. या पैशात ग्रंथालय झालं असतं, हा दुसरा. तिसऱ्यात गुणवत्ता आणि राखीव जागा यांवर एक विनोद होता. तो मी आज इथे उच्चारणार नाही. तेव्हा तो मला फार खुसखुशीत वाटला होता, एवढंच सांगतो. बटण दाबलं आणि झोपायला गेलो.

दोन दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारा दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात शिकणारा मराठी मुलगा. त्याचं नाव मी घेणार नाही. उत्तराची पद्धत तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल: माझी ओळ उचलायची, तिच्या आधी कोनासारखी खूण टाकायची आणि खाली आपलं म्हणणं लिहायचं. त्याने तसं माझं एकेक वाक्य घेतलं होतं. शिवी नाही, चढा सूर नाही.

नावाने काही होत नाही असं म्हणतोस, तर मग ते होऊ नये म्हणून लोकांनी सोळा वर्षं एवढा जोर का लावला, असं त्याने विचारलं होतं. औरंगाबादला विद्यापीठ १९५८ साली झालं, पण बाबासाहेबांनी तिथे मिलिंद महाविद्यालय १९५० साली काढलं होतं, तेव्हा त्या भागात उच्च शिक्षण कोणी आणलं, हेही विचारलं होतं. माझ्या पदवीचा खर्च सरकारने किती उचलला आणि मी किती, याचा हिशेब माग, असं सुचवलं होतं. विनोदाबद्दल त्याने काहीच लिहिलं नव्हतं. त्याऐवजी १९७८ सालचं स्वतःचं गाव सांगितलं होतं. तो दहा वर्षांचा होता. शेजारच्या गावात घरं जळाली आणि त्याच रात्री त्याचे आईवडील त्याला घेऊन तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे निघून गेले. परत गेले नाहीत. शेवटी दोन ओळी रोमन लिपीत मराठी होत्या: कधी औरंगाबादला आलास तर मला सांग, मी तुला मिलिंद दाखवीन.

मी उत्तर दिलं नाही. देण्यासारखं काही सुचलं नाही. दोन आठवड्यांनी तो लेखही गेला आणि उत्तरही गेलं. "गेलं" म्हणजे काय ते सांगतो, कारण इथूनच प्रोग्रॅमची गोष्ट सुरू होते.

त्या काळी डिस्क महाग होती. प्रत्येक न्यूज सर्व्हर ठरावीक दिवसांनी जुने लेख काढून टाकी. वाचनालयाची जुनी रद्दी काढावी तसं. कुठे चार दिवस, कुठे पंधरा, कुठे महिना. त्यामुळे लिहिणाऱ्याच्या मनात एक बेफिकिरी असे: आज बोललो, पंधरा दिवसांनी विरून जाईल. कट्ट्यावर बोलल्यासारखं. माझ्या विनोदाच्या मुळाशी ही बेफिकिरीही होती.

१९९६ साली मी नोकरीसाठी प्लेनोला आलो. रिचर्डसनच्या टेलिकॉम कॉरिडॉरमध्ये तेव्हा आपली माणसं लोंढ्याने येत होती. घरी फोनची लाइन एक आणि २८.८ चा मोडेम. मी न्यूजग्रुप वाचत बसलो की पुण्याहून येणारा फोन लागत नसे. त्यावरून घरात जी काही बोलाचाली झाली ती सांगत नाही. उपाय म्हणून मी लिनक्सवर "स्लर्नपुल" बसवला. जॉन डेव्हिस यांचा स्लर्न नावाचा न्यूजरीडर आहे, त्याच्याबरोबर येणारा हा छोटा प्रोग्रॅम. त्याला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. आज्ञेची एक ओळ टाइप करायची, तिच्यात सर्व्हरचं नाव द्यायचं, बस्स. एका साध्या फाइलमध्ये ग्रुपचं नाव, एका वेळी जास्तीत जास्त किती लेख आणायचे आणि किती दिवसांनी ते जुने समजायचे, एवढंच लिहून ठेवायचं. मी तो रात्री दोन वाजता आपोआप चालेल असा लावला. मोडेम फोन लावी, नवीन लेख उतरवून घेई आणि फोन ठेवून देई. सकाळी चहाबरोबर मी ते वाची. फोन मोकळा, घर शांत.

सर्व्हरशी तो काय बोलतो ते ऐकण्यासारखं आहे. एनएनटीपी नावाचा हा संकेत ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी १९८६ साली लिहून काढला. तो माणसाला हातानेही बोलता येतो. ११९ क्रमांकाच्या दारावर गेलं की सर्व्हर म्हणतो "२००", म्हणजे या, इथे लिहायचीही मुभा आहे. मग आपण "ग्रुप" म्हणून ग्रुपचं नाव सांगायचं. तो म्हणतो "२११" आणि पुढे तीन आकडे: अंदाजे किती लेख आहेत, पहिल्याचा क्रमांक, शेवटच्याचा क्रमांक. आपण "आर्टिकल" म्हणून एक क्रमांक सांगायचा. तो "२२०" म्हणतो आणि सगळा लेख वाचून दाखवतो. लेख संपला की एका ओळीवर नुसता एक टिंब. लेख नसेल तर "४२३": या क्रमांकाचा लेख नाही. का नाही, ते सांगत नाही. मुदत संपली, लिहिणाऱ्याने रद्द केला, की आलाच नव्हता, काही कळत नाही. शेवटी आपण "क्विट" म्हणायचं, तो "२०५" म्हणून निरोप देतो.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, लेखाचा अनुक्रमांक हा त्या सर्व्हरपुरता. तोच लेख दुसऱ्या सर्व्हरवर वेगळ्या क्रमांकाला असतो. पण प्रत्येक लेखाला जन्मतःच एक ओळख मिळते, मेसेज-आयडी, ती जगभर तीच. दोन, उत्तराच्या माथ्यावर "रेफरन्सेस" नावाची एक ओळ असते. तिच्यात ज्याला उत्तर दिलं त्या लेखाची ओळख असते, आणि त्याच्या आधीच्यांचीही. थोडक्यात, प्रत्येक उत्तर आपली वंशावळ बरोबर घेऊन फिरतं. जात सांगणारी वंशावळ नव्हे, कोण कोणाशी बोललं ते सांगणारी.

स्लर्नपुलमध्ये जुने लेख काढून टाकायला वेगळी आज्ञा द्यावी लागते. मी ती कधी दिलीच नाही. काही विचार करून नव्हे, आळसाने. त्यामुळे माझ्या डिस्कवर एक फोल्डर वाढत गेलं. आत प्रत्येक लेखाची एक फाइल, नाव म्हणजे नुसता आकडा. कोणाला सांगितलं तर हसले असते.

दरम्यान आपल्या टेक्सासमध्येच दुसरं काही घडत होतं. इथून आय-३५ ने दक्षिणेला दोनशेहून थोडे जास्त मैल गेलं की ऑस्टिन लागतं. तिथे १९९५ साली देजा न्यूज नावाची कंपनी निघाली. युजनेटवरचे लेख काढून न टाकता साठवायचे आणि कोणालाही शोधू द्यायचे, हा तिचा धंदा. एकदम सगळ्यांना कळलं की कट्ट्यावरचं बोलणं आता विरत नाही. ज्याला आपला लेख साठवला जायला नको असेल त्याने माथ्यावर "एक्स-नो-आर्काइव्ह" अशी ओळ घालावी, अशी प्रथा पडली. मला काळजी नव्हती. माझा लेख त्याच्या आधीचा, १९९४ चा होता.

फेब्रुवारी २००१ मध्ये गूगलने देजाचा साठा विकत घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी जुने लेख त्यात घालून वीस वर्षांचा संग्रह खुला केला, ७० कोटींहून जास्त लेख. त्यातला १९८१ ते १९९१ चा मोठा भाग एका माणसामुळे वाचला होता. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातले हेन्री स्पेन्सर. ते लेख काढून टाकण्याऐवजी चुंबकीय टेपवर उतरवून ठेवत होते. अशा १४१ टेप निघाल्या. इतरही काही लोकांनी आपापले साठे दिले. म्हणजे जिला जगाची स्मृती म्हणून गौरवलं गेलं, ती मुळात काही लोकांनी रद्दी न फेकल्यामुळे उरली होती.

डिसेंबर २००१ मध्ये प्लेनोत काय परिस्थिती होती ते तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. टेलिकॉम कोसळलं होतं. एका रांगेतल्या चार घरांत दोन माणसं घरी बसलेली. त्यातला एक मी. सकाळी नोकरीचे अर्ज, दुपारी इंटरनेट. नवीन संग्रहाची बातमी वाचली आणि सगळ्यांनी जे केलं असेल तेच केलं: स्वतःचं नाव घालून शोधलं. तिसऱ्या-चौथ्या ओळीत माझे ते तीन परिच्छेद. विद्यापीठाचा पत्ता, पूर्ण नाव, तारीख, विनोद, सगळं जसंच्या तसं.

खरं सांगतो, पहिला विचार पश्चात्तापाचा नव्हता. मुलाखतीला बोलावणाऱ्या कोणी हे वाचलं तर, हा होता. लेखकाने स्वतः मागणी केली तर लेख काढून टाकण्याची सोय होती. मी तो मजकूर भरला. मग खाली त्याचं उत्तर दिसलं. तेही संग्रहात होतं. आठ वर्षांनी मी ते पुन्हा वाचलं. या वेळी शेवटपर्यंत.

दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली तांत्रिक. माझा लेख काढला तरी माझी वाक्यं जाणार नव्हती. त्याने ती कोनांच्या खुणा घालून उत्तरात घेतली होती. दुसरी गोष्ट माझ्या बायकोच्या लक्षात आली. मी तिला सगळं दाखवलं. तिने दोन्ही लेख वाचले, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझा लेख काढलास तर हा मुलगा वेड्यासारखा एकटाच बोलत बसलाय असं दिसेल. त्याला विचारलंस का?"

मी तो मजकूर पाठवला नाही.

त्याच्या १९९४ च्या पत्त्यावर मी इ-मेल लिहिली. ती परत आली, असा पत्ता नाही म्हणून. साहजिक होतं, विद्यार्थ्यांचे पत्ते पदवीनंतर बंद होतात. तेव्हा मी दुसरा मार्ग घेतला. त्याच्या लेखाची मेसेज-आयडी घेतली, नवीन लेखाच्या "रेफरन्सेस" ओळीत ती घातली, आणि त्याच ग्रुपवर उत्तर पाठवलं. १९९४ च्या लेखाला २००२ च्या जानेवारीत उत्तर. तू विचारलेल्या तीनही प्रश्नांची उत्तरं तुझ्या बाजूने आहेत, असं लिहिलं. माझ्या अभियांत्रिकीच्या चार वर्षांत मी भरलेली फी आणि सरकारने भरलेली रक्कम यांची तुलना करायची हिंमत मला आठ वर्षांनी झाली, असं लिहिलं. विनोदाबद्दल माफी मागितली. त्याखाली पुढचा जो लेख आला तो स्वस्त कर्जाची जाहिरात होता. त्याने माझं उत्तर वाचलं की नाही, मला माहीत नाही. मी अजून मिलिंद पाहिलेलं नाही. औरंगाबादचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे, आणि नाव बदलून काय होतं असं मी आता कोणाला विचारत नाही. विचारतो ते हे, की कोणतं नाव लवकर बदलतं आणि कोणत्याला साडेपंधरा वर्षं लागतात.

आता आजचं. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने युजनेटशी संबंध तोडला. त्यांच्याकडे नवीन लेख येत नाहीत आणि तिथून लिहिता येत नाही. जुना संग्रह त्यांनी वाचण्यासाठी ठेवला आहे, पण तो ठेवायचा की नाही हे ठरवणारे ते आहेत, आपण नाही. जिथे हे सगळं सुरू झालं त्या ड्यूक विद्यापीठाने आपला न्यूज सर्व्हर मे २०१० मध्येच बंद केला. पायथन या संगणकभाषेत एनएनटीपीचा एक भाग वर्षानुवर्षं अंगभूत येत असे. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीपासून तोही काढून टाकला. काही सर्व्हर अजून चालू आहेत. "इटर्नल सप्टेंबर" नावाचा एक आहे, नाव नोंदवलं की मजकुराचे ग्रुप फुकट वाचता येतात. स्लर्नपुल आजही त्याच्याशी बोलतो. मघाशी पडद्यावर मी दाखवलं ते तेच: २००, २११, २२०, आणि मध्येमध्ये ४२३.

कोणी म्हणेल, या जुन्या मढ्यात काय आहे? आज आपली सगळी भांडणं व्हॉट्सॲपवर होतात. नेमकं तेच मला म्हणायचं आहे. युजनेटचा संकेत उघडा होता. माझ्यासारखा एखादा आळशी माणूस कोणाची परवानगी न घेता सगळ्या चर्चेची प्रत ठेवू शकत होता. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये पाठवलेलं मागे घेता येतं, आपोआप नाहीसं होईल अशी सोय लावता येते, आणि आपण ग्रुपमध्ये येण्यापूर्वीचं आपल्याला सहसा दिसतही नाही. आपल्या शहरातल्या मराठी ग्रुपांवर गेल्या दहा वर्षांत जातीबद्दल, मुसलमानांबद्दल काय काय लिहिलं गेलं ते आपल्यातल्या प्रत्येकाने वाचलं आहे. कॅलिफोर्नियात २०२३ साली जातिभेदविरोधी विधेयक आलं आणि राज्यपालांनी त्यावर सही नाकारली, तेव्हाच्या चर्चा आठवा. "आपल्यात कोणी जात मानत नाही" असं सांगणारे बरेच जण होते. वीस वर्षांनी कोणी संशोधक विचारायला आला तर आपण काय दाखवणार? आपण सगळे तेव्हापासूनच पुरोगामी होतो, असंच सांगणार. मीही सांगितलं असतं, जर तो लेख सापडला नसता.

म्हणून मंचापुढे तीन सूचना ठेवतो.

पहिली. आपल्या या वार्तापत्राचे जुने अंक कोणाकोणाच्या इ-मेलमध्ये पडून आहेत. ते साध्या मजकुराच्या फायलींत गोळा करू आणि निदान तीन घरी, तीन डिस्कवर ठेवू. एकाच कंपनीच्या भरवशावर ठेवायचे नाहीत. सॉक.कल्चर.इंडियन.मराठीचे लेख मी माझ्याकडून देतो. त्यात शोध घेणं अवघड आहे, आधीच सांगतो. तेव्हा सगळे रोमन लिपीत मराठी लिहीत, आणि प्रत्येकाचं शुद्धलेखन निराळं. अविनाश चोपडे यांची आयट्रान्स ही पद्धत काही जण वापरत, बाकीचे कानाला येईल तसं लिहीत. "आहे" हा एक शब्द चार प्रकारे लिहिलेला सापडतो. यंत्राला ते कळत नाही. माणसांना बसून वाचावं लागेल. निवृत्त मंडळींनी मनावर घ्यावं.

दुसरी. ठेवायचं ते उत्तरासकट. निवडक चांगले लेख काढून "आपला वारसा" म्हणून पुस्तिका करू नका. तसं केलं तर माझा लेख गाळला जाईल, आणि त्याबरोबर त्याचं उत्तरही, कारण ते उत्तर माझ्या लेखाशिवाय उभं राहत नाही. स्लर्नपुल हा प्रोग्रॅम बरा-वाईट बघत नाही, क्रमांकाने सगळं आणतो. त्या बाबतीत तो आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे.

तिसरी. जपून ठेवणं आणि चारचौघांत मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९४ साली बावीस वर्षांच्या एखाद्या मुलीने धीर करून आपल्या घरातलं काही लिहिलं असेल, तर ते पंधरा दिवसांनी जाईल या समजुतीने लिहिलं होतं. तिचं नाव आज शोधता येईल असं मांडायचा हक्क आपल्याला नाही. तेव्हा नावं झाकू, शक्य असेल तिथे विचारू, आणि काढून टाक म्हणणाऱ्याचं ऐकू. मला माझं पुसायचं नाही, म्हणून दुसऱ्यानेही पुसू नये असा नियम मी करणार नाही. विशेषतः ज्यांना माझ्यासारख्यांनी दुखावलं, त्यांच्यावर आठवणीचं ओझं टाकायचं नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या वार्तापत्राची वर्गणीदार यादी मोठी आहे आणि ते पुढेही पाठवलं जातं. १९९४ साली अमेरिकेत शिकत असलेला, मराठवाड्यातला, सॉक.कल्चर.इंडियनवर नामविस्तारावर एक लांब उत्तर लिहिलेला कोणी हे वाचत असेल, तर त्याने संपादकांना दोन ओळी लिहाव्यात. नको असेल तर लिहू नये. मी पुढच्या डिसेंबरात पुण्याला जाणार आहे. तिथून संभाजीनगर एसटीने पाच-सहा तास आहे, आणि मिलिंद दाखवायला कोणी नसलं तरी मी या वेळी जाऊन येणार आहे.

माझं भाषण संपलं. चहा तयार आहे असं स्वयंपाकघरातून मघापासून खुणावताहेत. प्रश्न चहाबरोबर विचारा.